दिवसाचा डोळा

'डे' म्हणजे दिवस. 'आय' म्हणजे डोळा. आता दिवसा'चा' डोळा म्हणायचं, तर तो 'चा' हवाच ना? इंग्रजीत त्या कामाला 'झ' धावून येतो. डेझ-आय, डेझ-आय... म्हणा बरं भराभर दहा वेळा! जीभ दमली की आपोआप 'डेझी' म्हणायला लागते.

इंग्लंडमधल्या एका फुलाचं नाव असंच घडलं, हजारएक वर्षांपूर्वी. मुलींचं नाव म्हणून ते सर्रास ऐकू यायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हा तिकडे रोझ, लिली, व्हायोलेट अशी फुलांची नावं ठेवायची लाटच आली होती.

पण फुलाला डोळा का म्हणायचं? फूल केवढं, तर रुपयाच्या नाण्याएवढं. मधोमध पिवळी टिकली, भोवती पांढऱ्या पाकळ्यांची झालर. संध्याकाळ झाली की या पाकळ्या हळूहळू वर उचलल्या जातात आणि टिकली झाकून टाकतात. पाकळ्यांच्या पाठीवर कधीकधी गुलाबी झाक असते, ती तेवढी बाहेर दिसते. सकाळी ऊन आलं की डोळा टक्क उघडा! आपलं कमळही रात्री मिटतंच की. पण नाव ठेवताना इंग्रजांनी झोपाळूपणाच नेमका हेरला.

आता एक गंमत. मार्गारेट नावाच्या कितीतरी मुलींना घरी डेझी म्हणतात. दोन्ही नावांत एक अक्षर तरी सारखं आहे का? मार्गारेटचं मूळ ग्रीक, अर्थ मोती. हाच शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि तिथे या फुलालाही 'मार्गरीत' म्हणू लागले. म्हणजे मोत्याचं झालं फूल आणि फुलाची झाली डेझी! डेन्मार्कवर १९७२ ते २०२४ राज्य करणाऱ्या राणी मार्गरेथे यांचंही घरातलं नाव डेझीच. त्यांच्या आजीचं नाव मार्गारेट, आणि तीसुद्धा घरी डेझी.

खरं गुपित तर पुढेच आहे. डेझीचं फूल हे एक फूल नाहीच! ती पिवळी टिकली म्हणजे इवल्या इवल्या फुलांची दाटी, आणि आपण जिला पांढरी पाकळी म्हणतो तीसुद्धा प्रत्येक एक वेगळं फूल. सूर्यफूल, शेवंती, झेंडू ही सगळी याच कुळातली.

खोटं वाटतंय? दसऱ्याच्या तोरणातला एक वाळका झेंडू घ्या. एकच पाकळी अलगद ओढा. तिच्या टोकाला काळी, सुईसारखी काडी येते ना? ते त्या एकट्या फुलाचं बी. मातीत टाकलंत तर उगवेलसुद्धा.

"फूल का कुस्करलंस?" असं आजीनं विचारलं, तर एकच कुस्करलं म्हणून सांगा. खरा आकडा सांगायला जाऊ नका!