सहेरीचा डबा

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतरचा तासभर आमच्या घरी वर्दळीचा असतो. स्वयंपाकघरात भज्यांचं पीठ भिजवलेलं असतं, खजुरांचं ताट भरायचं असतं, आणि नेमक्या त्याच वेळेला कुणी ना कुणी मुलांच्या शिक्षणाचं काम घेऊन दारात येतं. जळकोटात हे नेहमीचंच. परवा फळांचा गाडा लावणारे एक बागवान भाई लेकीला घेऊन आले. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं नांदेडला एम.एस्सी. करायचं म्हणते. मला वाटलं, फीचं विचारतील. त्यांनी फीचा विषयच काढला नाही. म्हणाले, "मॅडम, पढना तो ठीक है. पर बच्ची रहेगी किधर? खाएगी क्या?"

वीस वर्षं शिकवतेय. पालकांचे प्रश्न खूप ऐकले, पण याच्याइतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. कारण आमच्या तालुक्यातली मुलं, त्यातही मुली, बहुतेक वेळा इथंच थांबतात. गुणांमुळे नाही, खोली आणि जेवण या दोन गोष्टींमुळे. फीसाठी सवलती आल्या. २०२४ पासून तर इतर मागास आणि आर्थिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. चांगलंच झालं. पण माफ झालेली फी कुणाला झोपायला जागा देत नाही.

मी स्वतः वसतिगृहात राहिलेली आमच्या खानदानातली पहिली मुलगी. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. अब्बा सोडायला आले तेव्हा त्यांनी विभाग पाहिला नाही, ग्रंथालय पाहिलं नाही. वसतिगृहाचं फाटक, पाण्याची टाकी आणि मेस पाहिली, आणि रेक्टर मॅडमना विचारलं, "दरवाजा किती वाजता बंद होतो?" त्यांनी सात सांगितल्यावर अब्बांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. माझ्या मात्र नाही. पण ती वेगळी गोष्ट.

२००२ साली दिवाळी ४ नोव्हेंबरला होती आणि त्याच आठवड्यात रोजे सुरू झाले. अर्ध्याहून जास्त मुली गावी गेलेल्या. मेस सकाळी दहाला उघडायची आणि रात्री साडेआठला बंद व्हायची. सहेरी संपते पहाटे पाचच्या सुमाराला. पहिले दोन रोजे मी बिस्किटं आणि पाण्यावर धरले. तिसऱ्या दिवशी एका मुलीकडून विजेची शेगडी मागून आणली, त्यावर खिचडी टाकली आणि पकडली गेले. खोलीत शेगडी लावायची नाही असा नियम होता, आणि तो बरोबरच होता. त्या जुन्या वायरिंगवर आग लागली असती. शेगडी जप्त झाली, पन्नास रुपये दंड झाला. पण नियम सांगणाऱ्या कुणीही, मग ही मुलगी पहाटे खाणार काय, एवढं विचारलं नाही.

ते विचारलं मेसमधल्या मावशींनी. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी मला मागच्या दाराशी बोलावलं आणि स्टीलचा डबा हातात दिला. दोन भाकरी, पिठलं, कडेला कांद्याचा तुकडा. "तुझं सकाळचं जेवण तू जेवत न्हाईस, त्याचंच हाय हे," म्हणाल्या. हिशोब बरोबर होता! माझं दिवसाचं जेवण वाचत होतं, तेच रात्री डब्यात येत होतं. पुढचे सगळे रोजे त्या डब्यावर झाले. दिवाळीची सुटी संपवून माझी खोलीतली मैत्रीण तांड्यावरून परत आली, तिनं आणलेल्या अनारशांनी आणि चिवड्यानंही चार-पाच सहेऱ्या सजल्या. ती स्वतः मला उठवायची. तिचा गजर माझ्याआधी वाजायचा.

आज मागं वळून पाहताना मावशींविषयी शुक्रगुजारी वाटतेच, पण एक गोष्ट टोचते. माझं सगळं एका बाईच्या चांगुलपणावर अवलंबून होतं. त्या रजेवर असत्या तर? आषाढी एकादशीला त्याच मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी असायची. नवरात्रात उपवासाचं वेगळं ताट असायचं. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागला नाही, आणि लागूही नये. रोज्याच्या महिन्यात दुपारच्या जेवणाऐवजी रात्री डबा, ही तितकीच साधी गोष्ट आहे. मेसचा ठेका देताना करारात एक ओळ घातली की झालं. खर्च वाढत नाही. इफ्तारच्या वेळेला मुलींना फाटकावरून परत फिरवू नये म्हणून वेळेत अर्ध्या तासाची सवलत, हीसुद्धा तशीच एका ओळीची गोष्ट. आता काही ठिकाणी अशी सोय केली जाते असं माझे जुने विद्यार्थी सांगतात. जिथं नाही तिथं रमजान लागायच्या महिनाभर आधी मुलांनी मिळून लेखी मागणी द्यावी. रोजा सुरू झाल्यावर, उपाशीपोटी भांडू नये.

राहण्याचा आणि शिकण्याचा हा संबंध आपल्याला नवा नाही. मदिन्यात मस्जिद-ए-नबवीला लागून एक सावलीचा ओटा होता, सुफ्फा. ज्यांना घर नव्हतं, कमाई नव्हती, असे शिकणारे तिथं राहत. हजरत अबू हुरैरा त्यांतलेच. त्यांचं जेवण शहरातली माणसं वाटून घेत. कुणी एकाला घरी नेई, कुणी दोघांना. शिकवणं आणि खाऊ घालणं ही तिथं दोन खाती नव्हती.

आपल्या महाराष्ट्रात हे शाहू महाराजांनी ओळखलं. कोल्हापुरात त्यांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, आणि १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. त्याच कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले भाऊराव पाटील पुढं साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह चालवू लागले. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. मी वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा मुलांना आवर्जून विचारते, मंगळसूत्र फीसाठी मोडलं की भाकरीसाठी?

मराठवाड्याचं सांगायचं तर आमच्या आजोबांच्या पिढीला वरच्या शिक्षणाचं गाव म्हणजे हैदराबाद. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ, उर्दू माध्यम, आणि घरापासून दूर राहण्याची ज्याची ऐपत त्याचंच शिक्षण. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. नागसेनवनात त्यांनी वर्गांबरोबर मुलांच्या राहण्याचाही विचार केला. १९५८ ला औरंगाबादला विद्यापीठ आलं, १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. आज लातूरलाही त्याचं उपकेंद्र आहे. विद्यापीठ हैदराबादहून सरकत सरकत विष्णुपुरीपर्यंत, आमच्या शेजारच्या जिल्ह्यापर्यंत आलं. तरीही जळकोटहून रोज एसटीनं जाऊन-येऊन एम.एस्सी. होत नाही. प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत चालते.

खासगी खोलीचा पर्याय असतो, पण तिथं भाड्याच्या आधी नाव विचारलं जातं. माझ्या एका विद्यार्थिनीनं एका शहरात अकरा घरं पाहिली. दहा ठिकाणी "आमच्याकडे शाकाहारी लागतं" असं सांगितलं गेलं. ती म्हणाली, "मॅडम, मी लिहून देते म्हटलं, वर्षभर अंडंसुद्धा आणणार नाही." तरी नाही. म्हणून विद्यापीठाच्या आतली एक खाट आमच्या मुलींसाठी फार मोठी गोष्ट आहे.

बागवान भाईंना मी काय सांगितलं, तेही लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरायचा, प्रवेश झाल्यावर बघू म्हणायचं नाही. जागा नाही मिळाली तर बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी अशा इतर मागास यादीतल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्याची रक्कम थेट खात्यात मिळते. जिल्ह्याला फक्त सहाशे जागा, म्हणून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं आत्ताच तयार ठेवायचं. विद्यापीठात कमवा व शिका योजना असते. ग्रंथालयात, कार्यालयात काही तास काम करून हातखर्च निघतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री-अपरात्री कुणी त्रास दिला तर रॅगिंगविरोधी मदतीचा क्रमांक १८००-१८०-५५२२, चोवीस तास. भाईंनी तो मोबाइलमध्ये घातला आणि मुलीच्या वहीतही लिहायला लावला.

एक बोलणं मात्र भाईंपुढं काढलं नाही, ते इथं काढते. सरकारी पैसे येतात तेव्हा येतात. मेसचं बिल दर महिन्याला येतं. ही मधली चार-सहा महिन्यांची फट अनेक मुलांना परत गावी आणते. रमजानमध्ये आपल्याकडे जकात निघते, किराणा वाटला जातो, कपडे वाटले जातात. गरजू विद्यार्थी जकातीचा हकदार आहे, हे मौलाना लोकही सांगतात. गावातल्या दहा घरांनी मिळून एका मुलीच्या मेसचं वर्षाचं बिल उचललं तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही. नाव जाहीर करू नका, फोटो काढू नका. पैसे तिच्या हातात द्या, बिल ती भरेल.

अजानची वेळ होत आली तसे भाई उठले. मुलगी मात्र दारात रेंगाळली. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती. हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं सहेरीचं कसं असतं?"

मी म्हटलं, आधी रेक्टर मॅडमना विचारायचं, मग मेसमध्ये. आणि काहीही उत्तर मिळालं तरी घट्ट झाकणाचा एक डबा घरून घेऊन जायचा.