‘आय चीटेड’ की ‘आय वॉज चीटेड’? फसवणूक झाल्यावर इंग्रजीत नेमकं काय लिहायचं?

समजा, पिरंगुटच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाला फोन आला, ‘तुमचं पार्सल अडकलंय, पाच रुपये भरा.’ त्याने आलेली लिंक उघडली, ओटीपी सांगितला आणि खात्यातून ४० हजार रुपये गेले. बँकेच्या ॲपवर त्याने घाईघाईत इंग्रजीत तक्रार लिहिली, ‘आय चीटेड फॉर फॉर्टी थाउजंड.’

त्याला म्हणायचं होतं, ‘मी फसलो.’ लिहिलं गेलं, ‘मी फसवणूक केली.’

चूक का होते?

मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. ‘फसणे’ म्हणजे स्वतः फसणं आणि ‘फसवणे’ म्हणजे दुसऱ्याला गंडवणं. इंग्रजीतल्या चीट, ट्रिक, फूल, स्कॅम, डुप या क्रियापदांचा अर्थ मात्र ‘फसवणे’ असा आहे. ‘फसणे’साठी त्यांना कर्मणी रूप द्यावं लागतं, म्हणजे आधी ‘वॉज’ लावावं लागतं. ‘आय वॉज चीटेड’, ‘आय वॉज स्कॅम्ड’ ही वाक्यं बरोबर आहेत. बोलताना ‘वॉज’ऐवजी ‘गॉट’ही चालतं.

‘फ्रॉड हॅपन्ड विथ मी’ चालेल का?

‘माझ्यासोबत फ्रॉड झाला’ याचं हे शब्दशः भाषांतर. भारतात अर्थ कळतो, पण इंग्रजीची ही रीत नाही. फ्रॉड हे नाम आहे, त्याचं क्रियापद डिफ्रॉड. त्यामुळे ‘आय वॉज डिफ्रॉडेड’ किंवा ‘आय ॲम अ व्हिक्टिम ऑफ फ्रॉड’ असं लिहावं.

छोटे शब्द, मोठा फरक

• फॉल फॉर: हे आपल्या ‘फशी पडणे’च्या जवळचं. इथे ‘वॉज’ नको. ‘आय फेल फॉर अ फेक कॉल’ बरोबर. पण ‘आय फेल फॉर द कॉलर’ म्हटलं, तर फोन करणाऱ्याच्या प्रेमात पडलो असाही अर्थ निघतो!

• चीट ऑन: हे जोडीदाराशी बेइमानी करण्यासाठी वापरतात. दुकानदाराने जादा पैसे घेतले, तर ‘ही चीटेड मी’ म्हणावं, मध्ये ‘ऑन’ नको.

• चीट आऊट ऑफ: फसवून काही काढून घेणं. ‘दे चीटेड मी आऊट ऑफ फॉर्टी थाउजंड रुपीज.’

• टेकन इन: गोड बोलण्याला भुलणं. ‘आय वॉज टेकन इन बाय हिज पोलाइट व्हॉइस.’

• ट्रिक इंटू: फसवून एखादी गोष्ट करायला लावणं. ‘आय वॉज ट्रिक्ड इंटू शेअरिंग द ओटीपी.’

तक्रारीत यातलं काय वापरावं?

शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगाचं. त्यात ओटीपी दिल्याचं लपवलेलं नाही आणि तो फसवून घेतला गेला हेही स्पष्ट होतं. नुसतं ‘आय शेअर्ड द ओटीपी’ लिहिलं, तर गोष्ट अर्धीच राहते. कायदाही याच मुद्द्याकडे पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार, एखाद्याला फसवून, अप्रामाणिकपणे मालमत्ता द्यायला लावणं ही ‘चीटिंग’ आहे. आधी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मध्ये होता. ‘चारसोबीस’ हा शब्द तिथूनच आला.

त्या तरुणाची तक्रार अशी हवी: ‘आय वॉज ट्रिक्ड इंटू शेअरिंग ॲन ओटीपी अँड लॉस्ट फॉर्टी थाउजंड रुपीज.’ सोबत तारीख, वेळ, आलेला नंबर आणि व्यवहार क्रमांक द्यावा.

इंग्रजी जमत नसेल तर?

अडून बसू नका. पैसे गेल्यावर प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं. आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवून खातं किंवा कार्ड बंद करून घ्या. पोलीस ठाण्यात तक्रार मराठीतच देता येते. तिथे ‘माझी फसवणूक झाली’ एवढं पहिलं वाक्य पुरेसं आहे.