जमिनीची मालकी आणि शर्तींचा अंमल

एखादी जमीन कोणाची, असे विचारले असता आपण एक नाव सांगून मोकळे होतो. कायद्याचे उत्तर इतके आटोपशीर नसते. आज जमीन उपभोगणारा, त्याच्या पश्चात ती ज्याच्याकडे जावयाची तो, आणि अमुक एक घटना घडली तरच जिच्याकडे ती येणार ती व्यक्ती, अशा तिघांचे हक्क एकाच शेतात, एकाच दिवशी, एकमेकांना न छेदता नांदू शकतात. इतकेच काय, ज्याने अद्याप जन्मही घेतलेला नाही अशा मनुष्याचीही तजवीज त्या शेतात करून ठेवता येते. जमीन जशी एकर-गुंठ्यांत वाटली जाते, तशी तिची मालकी काळातही वाटली जाते. आणि काळात वाटलेली मालकी बहुधा शर्तींनी बांधलेली असते. या शर्ती देणाऱ्याने किती काळापुरत्या घालाव्यात आणि घेणाऱ्याने त्या कोठवर पाळाव्यात, हा मिळकतीच्या कायद्यातील अत्यंत जुना प्रश्न असून, महाराष्ट्रातील लक्षावधी खातेदारांच्या दृष्टीने तो आजही जिव्हाळ्याचा आहे.

आपल्याकडील मृत्युपत्रांत वारंवार आढळणारे एक कलम उदाहरणादाखल घ्यावे. ‘माझे पश्चात माझी आमराई माझे पत्नीने तहहयात उपभोगावी, तीस ती विकण्याचा अगर गहाण टाकण्याचा अधिकार नाही, तिचे पश्चात ती माझे थोरले मुलाची व्हावी.’ हे लिहिणारा गृहस्थ वारला की त्याच क्षणी दोन हक्क उत्पन्न होतात. आंबे उतरविण्याचा, बाग खंडाने देण्याचा व त्या उत्पन्नावर चरितार्थ चालविण्याचा हक्क आईचा. आणि तिच्यानंतरच्या पूर्ण मालकीचा हक्क मुलाचा. मुलाला बागेचा ताबा आज मिळत नाही, तरी त्याचा हक्क मात्र आजच पक्का झालेला असतो, कारण आईचा मृत्यू केव्हा ना केव्हा घडणार हे निश्चित आहे. लांबणीवर पडतो तो केवळ उपभोग. अशा हक्काला कायदा निहित हक्क म्हणतो. तो मुलगा आईच्या आधी वारला, तरी त्याचा हक्क त्याच्या बायकामुलांकडे वारसाने जातो; आणि आईच्या हयातीतही तो आपला हा भावी हक्क दुसऱ्याला विकू शकतो, मात्र विकत घेणाऱ्याला त्या माउलीचे आयुष्य संपेपर्यंत थांबावे लागते.

आता त्याच मृत्युपत्रात आणखी एक ओळ घालावी: ‘थोरला मुलगा आईचे आधी निपुत्रिक वारल्यास बाग धाकट्याची व्हावी.’ या एका ओळीने सर्व मांडणी पालटते. थोरल्याचा हक्क पक्का असूनही आता तो हातातून निसटण्याजोगा झाला, आणि धाकट्याच्या पदरात एक संभाव्य हक्क पडला. संभाव्य अशासाठी की, ज्या घटनेवर तो अवलंबून आहे ती घडेलच असे नाही. तरीही तो नुसत्या आशेहून अधिक आहे. बाप हयात असताना मुलाच्या मनात वारशाची जी अपेक्षा असते, तिला मात्र कायदा हक्कच मानीत नाही, आणि १८८२ च्या मिळकत हस्तांतरण कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे तिची विक्रीही करता येत नाही. तेव्हा आशा, संभाव्य हक्क, निहित हक्क आणि पूर्ण मालकी अशा या चढत्या पायऱ्या होत. आणि दस्तऐवजातील ‘जर’, ‘पश्चात’, ‘तोपर्यंत’ अशा लहानशा शब्दांवरून कोण कोणत्या पायरीवर उभा आहे ते ठरते. घराण्याघराण्यांतले कित्येक दावे या शब्दांच्या हलगर्जी वापरातून उद्भवतात; म्हणून मृत्युपत्र वा बक्षीसपत्र लिहविताना जाणकाराचा सल्ला घेण्यात कसूर करू नये.

शर्तींचेही दोन प्रकार आहेत. काही शर्ती हक्क मिळण्यापूर्वी पुऱ्या व्हाव्या लागतात, तर काही शर्ती हक्क मिळाल्यानंतर मोडल्या असता तो हिरावून घेतात. दुसऱ्या प्रकारचे उदाहरण खुद्द १८८२ च्या कायद्यातच दिलेले आहे: एकाने दुसऱ्याला तहहयात शेत दिले आणि अमुक झाडी तोडल्यास देणगी संपेल असे लिहिले, घेणाऱ्याने झाडी तोडली, तेव्हा त्याचा हक्क तेथेच संपला. मात्र या दोन प्रकारांकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी सारखी नाही, आणि हा भेद मला फार अर्थपूर्ण वाटतो. हक्क मिळण्यापूर्वीची शर्त मुख्यत्वेकरून पाळली गेली तरी ती पुरी झाली असे धरतात. समजा, तिघांच्या संमतीने विवाह करावा अशी शर्त होती आणि तिघांपैकी एक जण आधीच वारला, तर उरलेल्या दोघांची संमती पुरेशी होते. याउलट, मिळालेला हक्क हिरावून घेणाऱ्या शर्तीचा अर्थ अत्यंत काटेकोरपणे लावला जातो आणि ती अक्षरशः मोडली गेल्याखेरीज हक्क जात नाही. देताना सढळ आणि काढून घेताना कठोर परीक्षा, असे हे धोरण आहे. अशक्य, बेकायदेशीर किंवा नीतिबाह्य शर्तीला तर कायद्याने थाराच दिलेला नाही. आणि जमीन पूर्ण मालकीने देऊन ‘ती कधीही विकू नये’ अशी सरसकट बंदी घातली असेल, तर दहाव्या कलमाप्रमाणे देणगी टिकते आणि बंदी तेवढी गळून पडते.

अशी मर्यादा घालण्याची आवश्यकता का भासली, याचा बोध कलकत्त्याच्या एका विख्यात दाव्यावरून होतो. प्रसन्नकुमार टागोर हे बंगालमधील धनाढ्य जमीनदार आणि नामांकित कायदेपंडित. त्यांचे एकुलते एक चिरंजीव ज्ञानेंद्रमोहन यांनी १८५१ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पित्याने त्यांना आपल्या मृत्युपत्रातून वगळले आणि आपली विशाल जमीनदारी पुतण्या जतींद्रमोहन यांना तहहयात देऊन, त्यांच्यामागून ती पुरुषवंशातील ज्येष्ठाकडून ज्येष्ठाकडे पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालावी अशी व्यवस्था लिहून ठेवली. १८६८ साली ते निवर्तले. पुत्राने दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७२ साली निकाल लागला. जतींद्रमोहन यांचा तहहयात हक्क न्यायाधीशांनी मान्य केला, परंतु पुढील सारी योजना मोडीत काढली. कारण कायद्याला अज्ञात असलेला वारसाक्रम कोणाही व्यक्तीला आपल्या इच्छेने निर्माण करता येत नाही, आणि जो जन्मालाच आलेला नाही त्याला हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे देणगी देता येत नाही. त्यामुळे ती मिळकत, जतींद्रमोहन यांच्या हक्काला बाध न येता, ज्या पुत्राला दूर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला होता त्याच्याच हक्काची ठरली. उभ्या आयुष्यात कायद्याचा व्यासंग केलेल्या आणि त्याच मृत्युपत्राने कलकत्ता विद्यापीठात कायद्याची व्याख्यानमाला सुरू करण्यासाठी द्रव्य ठेवणाऱ्या पुरुषालाही आपल्या निधनानंतरच्या काळावर हुकमत चालविता आली नाही.

पुढे कायद्याने मधला मार्ग पत्करला. न जन्मलेल्या व्यक्तीसाठी तरतूद करण्याची मुभा मिळाली (हिंदूंना ती १९१६ च्या कायद्याने मिळाली), परंतु तिला काळाचे कुंपण घालण्यात आले. देणगीच्या वेळी हयात असलेल्या व्यक्तींची आयुष्ये, आणि त्यांच्यानंतर त्या अपत्याच्या अज्ञानपणाची वर्षे, एवढ्या मुदतीपलीकडे हक्काचे पक्के होणे लांबविता येत नाही. शिवाय न जन्मलेल्याला द्यावयाचे तर उरलेला सर्व हक्क द्यावा लागतो, त्यालाही पुन्हा तहहयात हक्कात अडकवून ठेवता येत नाही. धर्मादाय देणग्या तेवढ्या या नियमातून वगळलेल्या आहेत. नातवंडांसाठी सोय करावी हे वात्सल्य होय. पण पंतूखापरपंतूंनी कसे वागावे हेही आजच ठरवून ठेवणे ही जुलूमशाही होय, असा या नियमाचा मथितार्थ आहे.

सशर्त मालकीची सर्वाधिक झळ आपल्या समाजात कोणी सोसली असेल तर ती विधवांनी. नवऱ्यामागे मिळालेली मिळकत विधवेने उपभोगावी, कायदेशीर गरजेखेरीज विकू नये, आणि तिच्या मृत्यूनंतर ती तिच्या वारसांकडे न जाता नवऱ्याच्या वारसांकडे परत जावी, असा शतकानुशतकांचा प्रघात होता. तिने मुलीच्या लग्नासाठी शेत विकले, तरी वीस वर्षांनी दीर-पुतण्यांनी कोर्टात येऊन ती गरज खरी होती काय असे विचारावे, आणि खरेदीदाराला पुराव्यासाठी धावाधाव करावी लागावी, असे दावे त्या काळी नित्याचे होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने त्या वेळी स्त्रियांच्या कब्जातील मर्यादित मालकी एका फटक्यात पूर्ण मालकी केली, ही आपल्या कायद्याच्या इतिहासातील मोठी मुक्तिगाथा आहे. तरी त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने मृत्युपत्राने किंवा बक्षिसाने प्रथमच दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच राहील असे म्हटले. पोटगीच्या पूर्वापार हक्कापोटी मिळालेल्या मिळकतीला हे पोटकलम लागू पडत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुलसम्मा यांच्या दाव्यात लावला. वर सांगितलेल्या आमराईचे कलम लिहिताना म्हणूनच दहादा विचार करावा लागतो.

येथवर खाजगी माणसांच्या शर्ती झाल्या. आता ज्या शर्तकर्त्यापुढे वरील नियम थबकले त्याच्याकडे वळू. तो शर्तकर्ता म्हणजे सरकार. सरकारी देणगी तिच्या सनदेतील शब्दांप्रमाणेच चालेल आणि मिळकत हस्तांतरण कायदा तिच्या आड येणार नाही, असे १८९५ च्या कायद्याने स्पष्टच केले. खाजगी व्यक्तीच्या शर्तीला मनुष्यायुष्याची मुदत आली, परंतु सरकारच्या शर्तीला मुदत राहिली नाही.

महाराष्ट्रातील या शर्तींचा उगम समजून घेण्यासारखा आहे. इंग्रजी अंमलात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीने, आरंभी इंदापूर तालुक्यात आणि मग दख्खनभर, रयतेला सारा भरण्याच्या बोलीवर जमिनीचा वंशपरंपरागत आणि विकण्याजोगा हक्क मिळाला. विकण्याजोगी झाली तशी जमीन गहाण टाकण्याजोगीही झाली. कर्ज वाढले, सावकाराच्या नावे शेते चढू लागली, आणि १८७५ साली सुपे येथून दंगे पेटून कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. शतकाच्या अखेरीस दुष्काळांनी रयत हवालदिल झाली असताना सरकारने १९०१ साली महसूल कायद्यात दुरुस्ती आणली, की साराथकबाकीमुळे खालसा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा हक्क देऊ नये. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हा सरकारचा युक्तिवाद. विकण्याचा हक्क गेला की रयतेची पत गेली आणि सरकारच जमीनदार झाले, हा विरोधकांचा. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात या विधेयकाला निकराचा विरोध केला आणि अखेर सभात्याग केला. पण विधेयक संमत झाले, आणि विकण्याजोग्या जमिनीची ‘जुनी शर्त’ व परवानगीवाचून न विकण्याजोग्या जमिनीची ‘नवी शर्त’ हा भेद आपल्या दफ्तरात कायमचा रुजला.

स्वराज्यानंतर याच नव्या शर्तीने सामाजिक न्यायाचे रूप घेतले. महार वतनाच्या जाचक पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकी वतने प्रत्यक्षात १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना परत दिल्या गेल्या, परंतु परवानगीशिवाय विकू नये या शर्तीवर. १ एप्रिल १९५७ रोजी कूळ कसत्या जमिनीचा मालक मानला गेला, परंतु त्याच्यावर कूळकायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमाचे बंधन राहिले. १९६६ च्या महसूल संहितेने हे सर्व खातेदार ‘भोगवटादार वर्ग २’ या सदरात घातले. गावच्या तलाठ्याकडून सातबारा काढला, तर भूधारणा पद्धतीच्या रकान्यात हे शब्द दिसतात. इतर अधिकारांच्या रकान्यात ‘नवीन अविभाज्य शर्त’ किंवा ‘कलम ४३ चे बंधनास पात्र’ अशी नोंद असते, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो जुना फेरफार काढून वाचल्याशिवाय जमिनीचा विसार देणे म्हणजे संकट विकत घेणे होय. कारण परवानगीवाचून झालेले हस्तांतर शर्तभंग ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते.

या शर्ती सरसकट वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. आदिवासींच्या जमिनींवरील निर्बंध, जे १९७४ च्या कायद्याने अधिक कडक झाले, ते उठवले तर डोंगरकपारीतील कित्येक पाडे एका पिढीत भूमिहीन होतील. तेथे शर्त ही दुर्बळाची ढाल आहे. परंतु ज्या कुळाच्या घरात जमीन तीन पिढ्या कसली जात आहे, किंवा ज्या वतनदाराच्या पणजोबाने वेठबिगारीत आयुष्य घालविले, त्याच्या वंशजाने विहिरीसाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी चार गुंठे विकताना कचेरीचे उंबरठे झिजवावे आणि नजराणा भरावा, यात संरक्षणाचा अंश किती उरला आहे, हे तपासले पाहिजे. शासनालाही याची जाणीव झालेली दिसते: २०१४ च्या दुरुस्तीने कुळाला, खरेदीला दहा वर्षे लोटल्यावर, आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून परवानगीशिवाय जमीन विकण्याची मोकळीक मिळाली, आणि २०१९ च्या नियमांनी वर्ग २ च्या काही जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १ करण्याची वाट काढली.

ही दिशा योग्य आहे. ती तत्त्व म्हणून स्वीकारली गेली पाहिजे. प्रसन्नकुमारांच्या मृत्युपत्राला जो न्याय लागू झाला, तो सरकारी सनदेलाही लागू व्हावा. प्रत्येक शर्तीबरोबर तिचा हेतू लिहिला जावा आणि तिची मुदतही लिहिली जावी. मुदत सरल्यावर ती शर्त अजून कोणा दुर्बळाचे रक्षण करीत आहे असे सरकारने दाखवून द्यावे, आणि तसे दाखविता न आल्यास नोंद आपोआप कमी व्हावी, त्यासाठी खातेदाराला अर्ज किंवा नजराणा द्यावा लागू नये. ज्याने जमीन दिली त्याचा हेतू कितीही थोर असो, आज ती कसणाऱ्याचे हित त्याहून थोर आहे.