पायडल आपले, जोर उसना

वाई या गावाचे एक दुर्दैव असे की, ते महाबळेश्वरच्या वाटेवर आहे. पुण्या-मुंबईची मंडळी सुरूर फाट्याला हमरस्ता सोडतात, वाईत चहा घेतात, ढोल्या गणपतीला घाईघाईने हात जोडतात आणि पसरणीच्या घाटाला लागतात. महाबळेश्वरात चार दिवस राहून आलेला माणूस वाईत फार तर अर्धा तास थांबलेला असतो. पण घरी परतल्यावर ‘वाई पाहिली’ असे खुशाल सांगतो.

माझी आणि वाईची ओळख जुनी. १९८०च्या दशकात बँकेच्या नोकरीत अडीच वर्षे या भागात काढली होती. पण ती ओळख बरीचशी कागदावरची. पीककर्ज, विहीर, इंजीन, दोन म्हशी. मोटारसायकलवरून पाहणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याला तारण दिसते, गाव दिसत नाही. निवृत्तीनंतर सावकाश येऊ, घाटांवरून पायी हिंडू, असे मनाशी ठरवून ठेवले होते. निवृत्ती आली खरी. पण तिच्या मागोमाग गुडघ्यांनी असहकार पुकारला. चढ-उतार, पायऱ्या आणि लांबचे चालणे बंद. मुले म्हणाली, ‘‘बाबा, आता गाडीतूनच फिरा.’’ त्यांच्या बोलण्यात माया होती, यात शंका नाही. पण बँकेने एकदा निवृत्त केले होतेच. आता घरचेही करू लागले, असे मला वाटले.

मार्ग निघाला तो मुलीच्या सोसायटीतल्या पार्किंगमधून. २०२०च्या टाळेबंदीत तिने आणि जावयांनी बॅटरीवर चालणाऱ्या दोन सायकली हौसेने घेतल्या होत्या. त्या धूळ खात पडल्या होत्या. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, ‘‘चालण्यापेक्षा सायकल बरी. शरीराचा भार गुडघ्यांवर येत नाही.’’ मग जानेवारीत दोन्ही सायकली एका छोट्या टेम्पोत घातल्या आणि वाईला एका स्नेह्यांच्या घरी चार दिवसांचा मुक्काम ठोकला.

सौ.चा उत्साह माझ्यापेक्षा दांडगा. तिचे माहेर सांगलीचे. कृष्णेच्या घाटावर बालपण गेलेले आणि कॉलेजला रोज सायकलने गेलेली. चाळीस वर्षांनी सायकलवर बसल्यावर तिने अंगणात एक गोल फेरी मारली आणि म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही आधी उतरायला शिका. चढणं जमेल.’’

ही सायकल म्हणजे स्कूटर नव्हे, हे आधी सांगायला हवे. पायडल मारले तरच मोटार मदतीला येते. पाय थांबले की तीही थांबते. मोटार २५० वॉटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, म्हणून नोंदणी लागत नाही आणि परवानाही लागत नाही. बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची. गुणाकार केला की ३६० वॉट-अवर, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त वीज. २,००० वॉटचा गीझर अकरा मिनिटे चालवला तर एवढी वीज जाते. तेवढ्यात सपाटीवर आम्हा दोघांचे प्रत्येकी तीस-पस्तीस किलोमीटर सहज होत. माझ्यातला हिशेबनीस यावरच खूश झाला.

पहिला दिवस आम्ही गावासाठी ठेवला. वाईला सात घाट. आळ्यांची नावे घाटांना आणि घाटांचा अभिमान आळ्यांना. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी ती नावे. अफझलखान १६५९ साली वाईत तळ देऊन होता, त्या संकटकाळी कृष्णामाईला केलेल्या नवसातून इथला कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे. आजही प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा आणि तो त्या त्या आळीची माणसे करतात.

मोटारीतून हे दिसत नाही, कारण मोटार या बोळांत शिरतच नाही. सायकल शिरते, आणि थांबायचे असेल तिथे एक पाय टेकला की झाले. ढोल्या गणपतीच्या देवळामागे असेच थांबलो. गणपतराव रास्त्यांनी १७६२च्या सुमारास बांधलेले हे देऊळ नदीच्या पात्रालगत आहे. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती. पुराचा लोंढा आला की त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावा, ही योजना. नदीला अडवण्याचा आव न आणता तिला वाट देऊन स्वतः उभे राहायचे, ही त्या गवंड्यांची अक्कल समोरच्या दारातून दर्शन घेऊन परतणाऱ्याला कळायची नाही.

याच गावात १९१७ साली विनोबा आश्रमातून रजा घेऊन प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले होते. मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्याऐवजी इथून चालले, ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे. अशा गावाला चहापुरते थांबावे, हे काही खरे नाही. नदीचे आजचे रूप मात्र मन खट्टू करते. एका घाटाच्या पायरीशी हिरवट पाणी साचले होते आणि त्यात निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, ‘‘हेच पाणी पुढं सांगलीला जातं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीला निघालो. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे चंद्रकोरीसारखा घाट आणि डोक्यावर जुन्या झाडांची सावली. नानांनी जपलेले कागद ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. घाटावरच्या एका छोट्या घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर जी घंटा मराठ्यांबरोबर आली, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि ती कृष्णाकाठच्या देवळांच्या सोबतीला निमूट राहिली आहे. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट अनेकांनी पाहिला असेल. पण पडद्यावर इथली शांतता येत नाही. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा विचारून आत जावे.

मेणवलीहून धोमकडे जाताना आम्ही डांबरी रस्ता सोडला आणि उसाच्या नि हळदीच्या रानांतून जाणाऱ्या पाणंदीला लागलो. तिथे एक गृहस्थ भेटले. वय पंचाहत्तरीच्या घरात, साधी काळी सायकल आणि कॅरियरला वैरणीचा भारा. त्यांनी आमच्या सायकली डोळ्यांखालून घातल्या.

‘‘केवढ्याला पडली?’’

मी आकडा सांगितला. त्यांनी तो मनातल्या मनात शेळ्यांत मोजला असावा.

‘‘आन् पायडल मारायलाच लागतंय व्हय?’’

‘‘हो. आपण मारलं तरच ती जोर लावते.’’

‘‘मारायचंच हाय, तर मग एवढं पैसं कशाला घातलं?’’

प्रश्न बिनतोड होता. मला एकदम जुनी नोकरी आठवली. म्हटलं, ‘‘दादा, बँक विहिरीला सगळं कर्ज देत नव्हती. थोडे पैसे तुमचे, मग बाकीचे आमचे. तसंच आहे हे.’’

ते खळखळून हसले. ‘‘म्हंजी, आपला वाटा घातल्याबिगर तिजोरी उघडत न्हाई!’’ मग भारा उतरवून त्यांनी माझी सायकल घेतली, पाणंदीत शंभर पावले जाऊन वळून आले आणि घोटभर पाणी पिऊन म्हणाले, ‘‘पाठीमागनं कुनीतरी ढकलल्यावानी वाटतंय. ल्हानपनी सायकल शिकताना बा ढकलायचा, तसं.’’

मी बँकेत पस्तीस वर्षे ‘मार्जिन मनी’ हा शब्द वापरला. कर्जदाराने स्वतःचा हिस्सा घातला की कामात त्याचा जीव गुंततो, म्हणून हा नियम. वय झाल्यावर मदत घ्यावी की नाही, यावर घरोघर वाद होतात. काही जण हट्टाने ती नाकारतात आणि पडतात. काही जण सगळेच दुसऱ्यावर सोपवतात आणि खुर्चीला चिकटतात. मुले ‘गाडीत बसा’ म्हणतात तेव्हा ती शंभर टक्के कर्ज देऊ करत असतात. ते गोड वाटते. पण त्यात आपला वाटा उरत नाही. आपला हिस्सा कमी होत जाणार, हे मान्य. तो शून्यावर येऊ द्यायचा नाही, एवढेच हातात आहे.

धोमला नरसिंहाचे देऊळ आहे आणि महादेवासमोर कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप आहे. कुंडात पाणी असले की कासव नंदीला घेऊन तरंगते आहे असे वाटते. पलीकडे धोम धरणाचा विस्तीर्ण जलाशय. वाईच्या घाटांवर किती पाणी यायचे, हे आता पावसाइतकेच या धरणाचे दरवाजे ठरवतात. परतताना काही अंतर कालव्याच्या काठाने आलो. पाण्याचा वेग आणि आमचा वेग यांत फारसा फरक नव्हता.

तिसऱ्या दिवशी पसरणीचा घाट. शनिवार-रविवारी तिथे मोटारींची रांग असते, म्हणून मुद्दाम मंगळवारची पहाट धरली. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव; १९२३चा त्यांचा जन्म. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मी आणि सायकल मिळून ९५ किलो. एवढे वजन ६०० मीटर वर न्यायला दीडशेहून अधिक वॉट-अवर लागतात, म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी फक्त उंचीपोटी. सपाटीवर तीस किलोमीटर देणारी सायकल घाटात त्याच्या निम्मीही देत नाही, हे निघण्याआधी ध्यानात घ्यावे. तासाभरात, दोनदा थांबून, आम्ही वर पोचलो. खाली कृष्णेचे खोरे, डावीकडे पांडवगड आणि धोमचे चमकते पाणी. माझे गुडघे शाबूत होते. सौ. माझ्या आधी चार मिनिटे पोचली होती, हे ती अजून सांगते.

कुणाला जायचे असेल तर दोन-चार गोष्टी. हेल्मेट आणि दिवा हवाच. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटून-पालटून लावावेत. ही सायकल वीस-बावीस किलोंची असते. हमरस्ता शक्यतो टाळावा. पाणंदीत बैलगाडीला आणि गुरांना आधी वाट द्यावी. गाव विचारीत जावे. वाईकर पत्ता सांगताना शंभर वर्षांचा इतिहासही सांगतात, तेव्हा वेळ हाताशी ठेवावा.

आमच्या घरी सध्या एक कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्यावर सौ.ने कृष्णेच्या पुढच्या मुक्कामांची यादी केली आहे: माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली. सांगली शेवटी ठेवली आहे, कारण तिथे घाई करायची नाही असे तिचे म्हणणे. मी तिच्यासमोर तारखा घातल्या आहेत, हप्ते पाडल्यासारख्या. पहिला हप्ता फेब्रुवारीत.