विजया आणि अक्काची बोटं

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, गेली अकरा वर्षं आमवात आहे. यंदाच्या उन्हाळ्यात नात्यातल्या कुणीतरी तिला एक लहानशी बाटली आणून दिली. विजयेच्या अर्काचं तेल. रात्री जिभेखाली थेंब टाकायचे. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, "बरं वाटतंय रे. झोप लागते. मग आता त्या सोमवारच्या गोळ्या बंद केल्या तर?"

सोमवारच्या गोळ्या म्हणजे मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. "बंद करू नकोस" एवढं सांगून फोन ठेवता आला असता. पण तिचं "बरं वाटतंय" खोटं नव्हतं, आणि ते नेमकं कशामुळे, हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणून जुनी-नवी कागदपत्रं काढून बसलो.

विजया म्हणजे भांग. एकाच झाडाची पानं ती भांग, फुलोरा तो गांजा, राळ तो चरस. 'आपल्या पूर्वजांना हे सांधेदुखीवर ठाऊक होतं' असं हल्ली सर्रास ऐकू येतं. शार्ङ्गधरसंहितेत भांग आहे, पण ती 'व्यवायी' द्रव्याचं उदाहरण म्हणून: जे आधी अंगभर पसरतं आणि मग पचतं. शेजारी अफू आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिचे गुण सांगितले आहेत. त्यांत भर कफ, पचन, भूक आणि बडबड यांवर आहे. सांध्यांवरचं खास औषध म्हणून ती तिथे मिरवत नाही. पूर्वजांच्या नावावर आपण बरंच काही खपवतो, त्यातलं हे एक.

सांधेदुखीशी भांगेची पद्धतशीर गाठ घातली ती कलकत्त्यात, एका आयरिश डॉक्टरने. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. (पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं तेही यांनीच.) आधी कुत्री, मासे, गिधाडं यांच्यावर प्रयोग झाले. मग १८३८ साली संधिवाताच्या तीन रुग्णांना त्यांनी प्रत्येकी एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, राळ मद्यार्कात विरघळवून दिली. दोन तासांनी एक जण बोलू लागला, गाऊ लागला, जास्तीचं जेवण मागू लागला. आपण ठणठणीत आहोत असं त्याने जाहीर केलं. रात्री तोच निपचित पडला. श्वास आणि नाडी ठीक, पण हात उचलून ठेवावा तसाच हवेत राहायचा. दुसऱ्या एकावर काहीच परिणाम नाही. चौकशी केल्यावर कळलं, गडी रोज गांजा ओढणारा होता.

माझ्यासारख्या औषध घडवणाऱ्याला या प्रसंगातलं गाणं नव्हे, तर ती तफावत खुपते. मात्रा तीच, रोग तोच, आणि परिणामांत जमीन-अस्मानाचं अंतर. ओशॉनेसींनी हे औषध विलायतेला नेलं, तिथे त्याचे अर्क दुकानांत आले. पण एका बाटलीचा जोर दुसरीत नसे. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती सुईने टोचता येईना. मॉर्फिन टोचता येत होतं, आणि १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं. १९३२ साली ब्रिटिश औषधकोशातून आणि १९४२ साली अमेरिकेच्या औषधकोशातून भांग गेली. कायद्याने ती हद्दपार केली हे खरं, पण अर्धवटच. वैद्यकाला ती मोजताच आली नव्हती.

मोजता आली ती १९६४ नंतर. इस्रायलमध्ये रफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारा टीएचसी हा घटक शुद्ध रूपात वेगळा केला. पुढे तो मेंदूत आणि मज्जातंतूंत ज्या खाचांना जाऊन चिकटतो त्या ग्राहींचा शोध लागला. निसर्गाने त्या भांगेसाठी थोड्याच ठेवल्या असतील? १९९२ साली शरीर स्वतः तयार करतं असा एक रेणू मेशुलमांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचं नाव 'आनंद' या संस्कृत शब्दावरून ॲनंडमाइड असं ठेवलं. वेदनेचा संदेश पुढे जाताना त्याचा आवाज कमी करणं हे या यंत्रणेचं एक काम. टीएचसी त्याच बटणावर बोट ठेवतो. अक्काची झोप मला इथे कळली.

आता आमवातापुरतं. २००६ साली ब्रिटनमध्ये ५८ रुग्णांवर पाच आठवडे चाचणी झाली. टीएचसी आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांचा तोंडात मारायचा फवारा होता. हालचालीतली वेदना कमी झाली, बसल्या जागची कमी झाली, झोप सुधारली. सकाळच्या आखडलेपणात फरक नाही. रोगाच्या तीव्रतेचा निर्देशांकही उतरला; पण त्या निर्देशांकात दाबल्यावर दुखणारे सांधे आणि 'मला कसं वाटतं' हेही मोजतात, म्हणजे वेदना दबली की आकडा थोडा उतरणारच. हाडाची हानी थांबली का, हे पाच आठवड्यांत कळत नाही.

नुसत्या सीबीडीची कथा आणखी फिकी. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या १३६ जणांना बारा आठवडे ते दिलं. खोट्या गोळीपेक्षा फरक नाही. व्हिएन्नात गुडघ्यांच्या ८६ रुग्णांना दिवसाला ६०० मिलिग्रॅम दिलं; तिथेही नाही. स्नायूंच्या बाबतीत पुरावा जरा बरा आहे, पण तो मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणाचा. त्यासाठी तोच फवारा ब्रिटनमध्ये २०१० साली मंजूर झाला. जिना चढून भरून आलेल्या पोटऱ्यांना ते लागू होत नाही.

मराठीत आपण सगळ्यालाच 'संधिवात' म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वयाने गुडघा झिजला असेल तर वेदना कमी करणं हाच उपचाराचा मोठा भाग. आमवातात मात्र शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते. दुखलं नाही तरी ती आतून कुरतडत राहू शकते. मेथोट्रेक्सेट ते कुरतडणं आवरतं. विजया आवरते असं माणसांवरच्या कुठल्याही चाचणीने दाखवलेलं नाही. म्हणजे गोळी बंद करून थेंब चालू ठेवले तर अक्काला दुखणारही नाही आणि बोटंही वाकडी होतील, आणि दुसरं लक्षात यायला पहिल्यामुळेच उशीर होईल.

शिवाय ही दोन्ही औषधं एकत्र घेताना जपायला हवं. सीबीडी आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही यकृतावर भार टाकू शकतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी कुणी घेत असेल तर सीबीडीने तिचा जोर वाढतो. टीएचसीने रात्री उठताना तोल जातो, आणि सत्तरीत एक पडणं पुष्कळ होतं.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस आहेत, पण फुलोऱ्याशिवायची पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. त्या फटीतून विजयेची आयुर्वेदिक औषधं बाजारात येतात. विजया औषध-नियमांच्या 'ई-१' या अनुसूचीत आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची, आणि तशी सूचना वेष्टनावर हवी. अक्काच्या बाटलीवर ती होती, बारीक अक्षरांत. एका थेंबात टीएचसी किती, हा आकडा मात्र कुठेच नव्हता. ओशॉनेसींची अडचण जवळपास दोनशे वर्षांनी माझ्या टेबलावर पुन्हा उभी होती.

मी अक्काला हे सगळं सांगितलं, अर्थात इतकं लांबवून नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या मते मला बरं वाटतंय ते खोटं?" मी म्हटलं, "खरं आहे गं. पण ते दुखण्याला बरं वाटतंय, रोगाला नाही." ती रुसली. दोन दिवस फोन नाही. मग स्वतःच बाटली घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेली. त्या रागावल्या नाहीत. आधी यकृताची रक्ततपासणी करायला सांगितली, आणि नेमका आकडा छापलेलं उत्पादन मिळेपर्यंत थेंब थांबवले. सोमवारच्या गोळ्या चालू आहेत. झोप पूर्वीसारखीच तुटते, अशी तिची तक्रार आहे, आणि त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.