कलमाडी क्रीडामंत्री नव्हते : पद, सत्ता आणि उत्तरदायित्व



सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. ऑक्टोबर २०१०. दिल्लीतलं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. राष्ट्रकुल स्पर्धा, महिलांची दहा हजार मीटरची शर्यत, म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. दोन केनियन धावपटूंच्या मागे तिसरी आली ती आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आता आम्ही तुम्हाला विचारतो, २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा म्हटलं की तुम्हाला आधी कोण आठवतं? कविता राऊत की सुरेश कलमाडी? हात वर करू नका. आम्हालाही आधी कलमाडीच आठवतात, आणि याची आम्हाला थोडी लाज वाटते.

दुसरी गोष्ट. कलमाडी त्या वेळी देशाचे क्रीडामंत्री होते असं पुष्कळांना वाटतं. चांगल्या वाचत्या माणसांनाही वाटतं. ते कधीच केंद्रीय क्रीडामंत्री नव्हते. नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात ते रेल्वे राज्यमंत्री होते. क्रीडा खातं त्यांच्याकडे कधी आलं नाही. मग असा गैरसमज का झाला? आमचं म्हणणं असं, की हा विसरभोळेपणा नाही. देशाच्या खेळावर ज्याची सत्ता चालते तोच क्रीडामंत्री असणार, असं लोकांनी साध्या बुद्धीने गृहीत धरलं. ते गृहीतक रास्त होतं. व्यवस्था मात्र तशी नव्हती. आजचं व्याख्यान या फरकाबद्दल आहे.

आधी माणूस समजून घेऊ. पुण्याचा माणूस. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून हवाई दलात गेलेला वैमानिक. नंतर युवक काँग्रेस, राज्यसभा, मग पुण्याचे खासदार. कार्यक्रम उभा करण्याची त्यांची हातोटी विरोधकही मान्य करतात. १९८३ मध्ये पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, १९८९ मध्ये पुणे फेस्टिव्हल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. पुढे २००८ मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. १९९६ मध्ये ते भारतीय ऑलिम्पिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि दीड दशक राहिले. हे सगळं मांडल्याशिवाय पुढचं बोलणं म्हणजे अन्याय होईल.

नोव्हेंबर २००३ मध्ये जमैकात मतदान झालं. कॅनडाच्या हॅमिल्टन शहराला ४६ विरुद्ध २२ अशा मतांनी मागे टाकून दिल्लीने २०१० ची स्पर्धा मिळवली. आता प्रश्न आला की आयोजन समितीचा अध्यक्ष कोण? इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गाठ इथेच आहे. महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, २०११ चा अहवाल सांगतो, की बोलीच्या मूळ मसुद्यात समितीचा अध्यक्ष सरकारने नेमायचा आणि ऑलिम्पिक असोसिएशनच्या अध्यक्षाने दुय्यम राहायचं, अशी रचना होती. नंतर ती बदलली. त्या वेळचे क्रीडामंत्री होते सुनील दत्त. आपल्या मुंबईचे खासदार, आपल्या सगळ्यांना पडद्यावरून ठाऊक असलेले. त्यांनी या बदलावर आक्षेप नोंदवला. तरीही कलमाडीच अध्यक्ष झाले. दत्त मे २००५ मध्ये गेले. पुढे क्रीडामंत्री झालेल्या मणिशंकर अय्यर यांचा तर या स्पर्धेलाच विरोध होता आणि ते उघड बोलत. म्हणजे खात्याचा मंत्री नको म्हणतो, पैसा सरकारचा, हमी सरकारची, आणि कारभार एका संघटनेच्या अध्यक्षाकडे. संसदेत उत्तर द्यायला मंत्री आणि निर्णय घ्यायला अध्यक्ष. ज्याला जाब विचारता येतो त्याच्या हाती काही नाही आणि ज्याच्या हाती सगळं आहे त्याला जाब विचारण्याची सोय नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. स्पर्धेला दोन आठवडे असताना स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, मजूर जखमी झाले. उद्घाटनाच्या भाषणात कलमाडींची हुर्यो उडाली. त्याच स्पर्धेत भारताने ३८ सुवर्णांसह १०१ पदकं मिळवली, तो आजवरचा आपला उच्चांक. एप्रिल २०११ मध्ये सीबीआयने कलमाडींना अटक केली. वेळ आणि गुण मोजणाऱ्या यंत्रणेचं कंत्राट फुगवलेल्या दराने एका परदेशी कंपनीला दिलं, असा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. तिहारमध्ये जवळपास नऊ महिने काढून जानेवारी २०१२ मध्ये ते जामिनावर सुटले. आणखी एक प्रकरण आर्थिक गैरव्यवहाराचं होतं. त्यात ईडीने तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि दिल्लीच्या न्यायालयाने तो एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला. एक गोष्ट स्वच्छ सांगू. कॅगने एकूण खर्च साडेअठरा हजार कोटींच्या वर काढला. यातला मोठा भाग दिल्ली सरकार आणि इतर यंत्रणांनी रस्ते, पूल, स्टेडियम यांवर केला. सगळा पैसा कलमाडींच्या सहीने गेला, ही समजूत चुकीची आहे.

२०२५ च्या बातमीनंतर काही जण म्हणाले, "बघा, माणूस निर्दोष होता. उगाच बदनाम केला." दुसरे म्हणाले, "छे, सगळे सुटतात." आमच्या मते दोघांचा प्रश्नच चुकला आहे.

इथे आमचीच एक गोष्ट सांगतो. फार वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर होतो. मुलांचा कबड्डीचा संघ बाहेरगावी स्पर्धेला गेला. मुलं एसटीच्या लाल गाडीने, अर्धी वाट उभ्याने. समितीचे आम्ही दोघे भाड्याच्या मोटारीने. नियमात बसत होतं. बिलावर सही आमची. ऑडिटरने बिल पास केलं, एका पैशाची गफलत नव्हती. परतल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, मोटारीत मागची सीट रिकामी होती ना?" होती. त्या मुलाला ऑडिटचा रिपोर्ट दाखवून काय उपयोग होता? तो चोरीबद्दल विचारतच नव्हता.

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्गला अपराधाच्या प्रश्नावर व्याख्यानं दिली. तो प्रसंग नाझी काळानंतरचा, फार भयानक. त्याची आणि आपल्या विषयाची तुलना नाही. पण त्यांनी केलेली विभागणी आपल्या कामाची आहे. ते म्हणाले, अपराध एकाच जातीचा नसतो. एक कायद्याचा, त्याचा निवाडा न्यायालय करतं आणि त्याला पुरावा लागतो. एक नैतिक, त्याचा निवाडा आपली सदसद्विवेकबुद्धी करते. एक राजकीय, आपल्या नावाने जो कारभार चालतो त्याची जबाबदारी नागरिक म्हणून सगळ्यांवर येते. चौथाही प्रकार आहे, तो आज बाजूला ठेवू.

आता हे लावून पाहा. न्यायालयाने पहिल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. पुरावा नसेल तर माणसाला सोडलंच पाहिजे, आणि सोडल्यावर त्याला चोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. पण पूल का पडला, क्रीडाग्राम वेळेत का तयार झालं नाही, पदाची मुदत कोण ठरवतं, ही विचारणा कोर्टात होतच नाही. ती पदावर असलेल्याला, पदावर असतानाच करायची असते. आपण ती वेळेवर केली नाही. पुढे तिचं ओझं सीबीआयवर टाकलं आणि खटल्याचा निकाल म्हणजेच उत्तर, असं समजून बसलो.

मुदतीचं उदाहरण घ्या. क्रीडा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी किती वर्षं खुर्चीवर बसावं, याची मार्गदर्शक तत्त्वं सरकारने १९७५ मध्येच काढली होती. ती कागदावर राहिली. मे २०१० मध्ये क्रीडामंत्री एम. एस. गिल यांनी ती पुन्हा लागू केली : अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षं. संघटनांनी ओरड केली की ही आमच्या स्वायत्ततेवर गदा आहे. आपल्याकडे म्हणतात, भाकरी फिरवली नाही तर करपते. इथे भाकरी फिरवायला सांगणाऱ्यालाच चुलीपासून दूर राहायला सांगितलं जात होतं.

जानेवारी २०११ मध्ये अजय माकन क्रीडामंत्री झाले. त्यांनी आल्या आल्या कलमाडींना आयोजन समितीवरून दूर केलं. मग क्रीडा विकास विधेयकाचा मसुदा आणला : मुदत, वयोमर्यादा आणि माहितीचा अधिकार, क्रिकेटसह सर्वांना. ऑगस्ट २०११ मध्ये मंत्रिमंडळाने तो परत पाठवला. त्या मंत्रिमंडळात कोण होते? शरद पवार तेव्हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष. विलासराव देशमुख मुंबई क्रिकेट असोसिएशनचे. प्रफुल्ल पटेल फुटबॉल महासंघाचे. फारूक अब्दुल्ला जम्मू-काश्मीरच्या क्रिकेटचे. त्यांच्यामुळेच मसुदा पडला असं आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्यावर नियम लागू व्हायचा तेच निर्णयाच्या टेबलाशी बसले होते, एवढं तरी म्हणावंच लागेल.

याची किंमत कोणी मोजली? डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकीतला सरकारी हस्तक्षेप आणि आरोप असलेले पदाधिकारी या कारणांवरून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारताला निलंबित केलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात आपले खेळाडू तिरंग्याशिवाय, ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली चालले. त्यांनी काय केलं होतं? आणि तरीही डिसेंबर २०१६ मध्ये ऑलिम्पिक असोसिएशनने कलमाडींना तहहयात अध्यक्ष केलं. गदारोळ झाला, कलमाडींनी नकार कळवला, मंत्रालयाने संघटनेला निलंबित केलं, मग जानेवारीत ठराव मागे घेतला गेला. त्या सभागृहात कोणालाच हे खटकलं नाही, हा आमच्या दृष्टीने कंत्राटाइतकाच गंभीर मुद्दा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तक्रारींसाठी लवाद, मुदतीचे नियम हे सगळं त्यात आहे. स्वागत करू. पण दोन गोष्टींवर नजर ठेवा. माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरताच राहिला. आणि मंडळ नेमणार सरकारच. उद्या सगळी सत्ता मंत्र्याकडे गेली, तर कलमाडींच्या जागी मंत्री येईल, एवढंच. सत्ता कुणाकडे हा प्रश्न अर्धा आहे. ती ज्याच्याकडे असेल त्याला मुदतीच्या आत, कागदपत्रांसह जाब विचारता येतो का, हा उरलेला अर्धा.

हे दिल्लीपुरतं समजू नका. आपल्या तालुका क्रीडा समितीचा अध्यक्ष कोण, किती वर्षं आहे, मैदानाचा हिशेब कुठे पाहायला मिळतो, हे या सभेतल्या किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही कालपर्यंत ठाऊक नव्हतं. आम्ही चौकशी सुरू केली आहे. तुम्हीही करा. सावरपाड्यासारख्या पाड्यावर आज जी मुलगी अनवाणी पळते आहे, तिच्या वाट्याचे बूट कुणाच्या कपाटात आहेत, ते कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

आता प्रश्नांसाठी वेळ ठेवू.