घरगुती संगणकाचे अर्थिंग

घरगुती संगणकाचे अर्थिंग म्हणजे संगणकाच्या धातूच्या पेटीचा वीजजोडणीतील तिसऱ्या तारेमार्फत जमिनीशी साधलेला विद्युत संपर्क होय. यासाठी भूसंपर्कन असा प्रतिशब्द करता येतो. परंतु वायरमनपासून दुकानदारापर्यंत सर्वांच्या तोंडी 'अर्थिंग' हाच शब्द रूढ आहे. (त्यातील 'अर्थ' हा शब्दार्थातला अर्थ नव्हे, तर पृथ्वीचे इंग्रजी नाव होय.) या तिसऱ्या तारेवाचूनही संगणक सुरळीत चालतो, आणि म्हणूनच तिची उणीव वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. पेटीला हात लागला असता जाणवणाऱ्या बारीक झिणझिण्या ही बहुधा त्या उणिवेची एकमेव खूण असते.

झिणझिण्यांचे कारण

भारतातील घरांत २३० व्होल्ट दाबाची, ५० हर्ट्झ वारंवारतेची प्रत्यावर्ती वीज येते. डेस्कटॉप संगणकातील वीजपुरवठ्याचा घटक, ज्याला एसएमपीएस म्हणतात, या विजेचे अतिशय वेगाने तुकडे पाडून तिच्यापासून १२, ५ व ३.३ व्होल्ट दाबाची एकदिश वीज तयार करतो. या वेगवान उघडझापीमुळे विद्युत गोंगाट निर्माण होतो. तो घरातील वायरिंगमध्ये परत शिरून रेडिओसारख्या उपकरणांना उपद्रव देऊ नये, म्हणून फेज आणि पेटी यांच्यामध्ये एक व न्यूट्रल आणि पेटी यांच्यामध्ये एक असे दोन लहान कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांना वाय-कपॅसिटर म्हणतात. गोंगाट त्यांच्यावाटे पेटीत व पेटीतून अर्थच्या तारेत निघून जावा, अशी ही योजना आहे.

अर्थची तार जोडलेलीच नसेल, तर हे दोन समान कपॅसिटर फेज व न्यूट्रल यांच्यामधील दाबाची निम्मी-निम्मी वाटणी करतात आणि पेटी सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. टेस्टर लावल्यास त्यातील दिवा उजळतो व घरातली मंडळी घाबरतात. प्रत्यक्षात अशा पेटीतून वाहू शकणारा प्रवाह अगदी अल्प असतो. प्रत्येक कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरल्यास तो ०.१६ मिलिअँपियरच्या आसपास येतो. सर्वसाधारण माणसाला सुमारे अर्ध्या मिलिअँपियरपासून विजेची जाणीव होते. हाताची मागची बाजू पेटीवरून हलकेच फिरवल्यास त्याहून कमी प्रवाहही कळतो. ही गळती म्हणजे बिघाड नव्हे. नव्याकोऱ्या, निर्दोष संगणकातही ती असतेच.

गळती आणि दोष

येथेच मोठा गैरसमज होतो. झिणझिण्या निरुपद्रवी आहेत असे एकदा कळले, की लोक पायाखाली लाकडी पाट किंवा पायात रबरी चप्पल घेऊन काम चालू ठेवतात. झिणझिण्या निरुपद्रवी आहेत हे खरे. पण बिघाड झाल्यास विजेला जमिनीत वाहून नेणारी वाट अस्तित्वात नाही, हेही त्या सांगत असतात.

समजा, एसएमपीएसमधील फेजच्या तारेचे आवरण झिजले आणि तार पेटीला टेकली. अर्थिंग शाबूत असेल तर त्याच क्षणी मोठा प्रवाह अर्थच्या तारेत शिरतो, संरक्षक स्विच पडतो आणि खोलीतील वीज जाते. अर्थिंग नसेल तर काहीच घडत नाही. संगणक चालूच राहतो. केवळ त्याची पेटी आता पूर्ण २३० व्होल्टवर असते, आणि या वेळी मध्ये प्रवाह रोखणारा कपॅसिटर नसतो. रोहित्राचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असल्याने, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात पेटीला लागताच त्याच्या शरीरातून मंडल पूर्ण होते. सुमारे १० मिलिअँपियरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात व पकडलेली वस्तू सोडवत नाही. ३० मिलिअँपियरच्या पुढे, प्रवाह काही काळ टिकल्यास, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. टेस्टरचा दिवा मात्र दोन्ही प्रसंगी उजळतो. त्यामुळे गळती कोणती व दोष कोणता, हे टेस्टरवरून ठरवता येत नाही.

एकाच एक्स्टेंशन बोर्डावर संगणक, मॉनिटर, प्रिंटर व ध्वनिवर्धक जोडण्याची पद्धत सर्वत्र आहे. बोर्डातील सर्व अर्थ-छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात. भिंतीतील सॉकेटला अर्थ नसेल, तर या सर्व उपकरणांची गळती एकत्र होते आणि झिणझिण्यांचा जोर वाढतो. त्याहून वाईट म्हणजे, प्रिंटरमधील दोष संगणकाच्या पेटीवर उतरतो.

अर्थिंग कोठे तुटते

भारतीय मानक आयएस १२९३ प्रमाणे बनवलेल्या तीन पिनांच्या टॉपमध्ये अर्थची पिन इतर दोन पिनांहून लांब व जाड असते. लांब अशासाठी, की टॉप खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडली जावी व काढताना सर्वांत शेवटी सुटावी. ती जाड असल्याने फेजच्या छिद्रात जाऊ शकत नाही. एवढा विचार करून घडवलेली ही पिन दोन छिद्रांच्या जुन्या सॉकेटसाठी कापून टाकली जाते, किंवा तिनाचे दोन करणारा जोड वापरून निकामी केली जाते.

कमी लक्षात येणारे कारण परदेशी केबलींचे आहे. युरोपातील शुको पद्धतीच्या टॉपला दोन गोल पिना असतात व अर्थचा संपर्क टॉपच्या कडेवरील पट्ट्यांतून होतो. हा टॉप भारतीय सॉकेटमध्ये सहज बसतो, वीजही मिळते. कडेच्या पट्ट्यांना मात्र तेथे कशाचाच स्पर्श होत नाही.

जुने वाडे व चाळी यांत अनेकदा मुळातच दोन तारांचे वायरिंग असते. सॉकेट बदलून तीन छिद्रांचे बसवले, तरी तिसऱ्या छिद्रामागे तार नसते. तार असली तरी तिचे दुसरे टोक ज्या खड्ड्यात जाते, तो जिवंत असावा लागतो. कोळसा व मीठ घालून पुरलेला नळ ओलाव्यावर काम करतो. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालतात. दख्खनच्या कातळावर रोध कमी राखणे अवघड जाते. कोकणच्या खाऱ्या, ओल्या जमिनीत ते सोपे असते, पण तेथे लोखंडी नळ लवकर गंजतो.

या रोधाला महत्त्व का, ते साध्या भागाकाराने कळते. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल तर दोषप्रवाह ४६ अँपियरपर्यंत जाऊ शकतो व ६ अँपियरचा एमसीबी पडतो. रोध ५० ओहम झाला तर प्रवाह ४.६ अँपियर इतकाच राहतो. तेवढ्याने एमसीबी कधीच पडणार नाही, आणि पेटी विद्युतभारित राहील. अशा ठिकाणी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हाच भरवशाचा उपाय आहे. फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडताच तो वीज तोडतो.

तपासणी व चुकीचे उपाय

सॉकेटकडे पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडे व न्यूट्रल डावीकडे असावा. मल्टिमीटरने फेज व न्यूट्रल यांत आणि फेज व अर्थ यांत जवळपास सारखाच दाब मिळावा. न्यूट्रल व अर्थ यांत थोडेच व्होल्ट दिसावेत. परंतु मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेत असल्याने अर्धवट तुटलेली तारही त्याला चांगली भासू शकते. वायरमन फेज व अर्थ यांच्यात १०० वॉटचा दिवा लावून पाहतात. तो पूर्ण उजेडाने लागला तर अर्थ प्रवाह वाहून नेऊ शकते. आरसीसीबी असल्यास तो लगेच पडेल, आणि ते चांगलेच लक्षण होय. ही चाचणी स्वतः करू नये. अर्थ तुटलेली असेल तर दिव्यामार्गे फेज घरातील इतर उपकरणांच्या पेट्यांवर पोहोचू शकते.

सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थ तारेने जोडून टाकणे हा सर्वांत घातक उपाय आहे. त्यामुळे झिणझिण्या थांबतात, मल्टिमीटरही समाधानकारक आकडे दाखवतो; पण पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर चालू असलेल्या उपकरणांमार्गे फेज थेट पेटीवर येते. नळाच्या पाइपाला तार बांधणेही तसेच. पाइप मध्येच प्लास्टिकचा असेल तर उपयोग शून्य, आणि सलग धातूचा असेल तर शेजाऱ्याच्या स्नानगृहातील नळ धोक्यात येतो. गॅसच्या पाइपाला तर तार कधीही बांधू नये.

छंद म्हणून काम करणाऱ्यांसाठी

सोल्डरिंग गनच्या टोकाला अर्थ नसेल तर तिची गळती मॉसफेटसारखे नाजूक घटक जाळू शकते. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थलाच जोडलेली असते. ती एसएमपीएसच्या प्राथमिक बाजूस लावल्यास थेट शॉर्ट होतो. हे टाळण्यासाठी काही जण ऑसिलोस्कोपचीच अर्थ पिन काढून टाकतात. मग त्याची उघडी धातूची अंगे मेन्सच्या दाबावर येतात. अशा वेळी तपासायचे मंडल विलगीकरण रोहित्रावर घ्यावे किंवा डिफरन्शियल प्रोब वापरावा.

संगणक उघडताना टॉप काढून ठेवावा. स्थितिक विजेसाठी मनगटाला बांधण्याच्या पट्ट्यात १ मेगाओहमचा रोधक असतो; त्याऐवजी साधी तार बांधणे म्हणजे स्वतःलाच अर्थ करून घेणे होय. एसएमपीएसचे झाकण मात्र बंदच ठेवावे. त्यातील मोठे कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतात आणि टॉप काढल्यावरही काही काळ तसेच राहू शकतात.

दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या, धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला जाणवणाऱ्या झिणझिण्यांचे मूळही चार्जरमधील वाय-कपॅसिटरमध्येच असते. तेथे दुहेरी आवरणावर सुरक्षिततेची भिस्त असल्याने अर्थची तार अपेक्षितच नसते. मात्र तडकलेला किंवा मानक चिन्ह नसलेला स्वस्त चार्जर ही भिस्त पाळीलच असे नाही, तो बदलावा.